मांडी घालता आली पाहिजे

आमच्या घराण्यात कुणाचंही लग्न असलं की पंगतीच्या टोकाला एक लाकडी खोकं मांडलेलं असे. ते तात्यांचं. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. सगळी पंगत जमिनीवर मांडी घालून बसायची आणि तात्या खोक्यावर बसून, उजवा पाय काठीसारखा समोर पसरून, ताट डाव्या मांडीवर तोलत जेवायचे. वाढणाऱ्या पोरांना त्या पायावरून उडी मारून जावं लागे. १९६३ च्या गळिताच्या हंगामात उसाची गाडी उताराला लागली, तात्या जुवावरून खाली आले आणि चाक मांडीवरून गेलं. तीन गावं ओलांडून हाडवैद्य आणला. त्यानं पाय ओढला, बांबूच्या कामट्या लावल्या, अंड्याच्या पांढऱ्यात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या आणि तीन महिने बाजेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. हाड जुळलं. पाय अडीच इंच आखूड झाला आणि गुडघा जो ताठला तो कायमचाच.

आपल्या भाषेत 'मांडी' हा शब्द अवयवाचाही आहे आणि बसण्याच्या रीतीचाही. मांडी मोडली की मांडी घालता येत नाही, हे तात्यांकडे बघून मला शाळेत असतानाच कळलं होतं. पुढे मी हाडांचा डॉक्टर झालो, चाळीस वर्षं तेच काम केलं. या काळात मांडीच्या हाडावरचे उपचार किती बदलले याचा इतिहास मला सांगायचा आहे, पण मोजपट्टी तात्यांची आहे. एक्स-रेच्या फोटोत हाड सरळ दिसतंय का, हा प्रश्न डॉक्टरचा. पेशंटचा प्रश्न एवढाच, की पंगतीत बसता येईल का?

हाडवैद्याला हसायची सवय मला कॉलेजात लागली आणि तिथेच मोडली. कामट्या आवळून बांधल्यामुळे काळे-निळे पडलेले हात-पाय मी पुष्कळ पाहिले, त्यातले काही कापावे लागले, तेव्हा त्या धंद्याची भलामण मी करणार नाही. पण कामट्या काही अडाण्यांचा शोध नाही. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांचाच आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस, बांबू अशा झाडांच्या साली आणि पट्ट्या त्यात सांगितल्या आहेत. बंध थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधायचा. सैल बांधला तर हाड हलतं आणि घट्ट बांधला तर सूज येऊन मांस पिकतं, हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्या भागातल्या वैद्यांनी कामट्या उचलल्या आणि हे वाक्य विसरले. मांडीसाठी सुश्रुत कपाटशयन सांगतो. रुग्णाला लाकडी फळीवर निजवायचं आणि पाच खुंट्या ठोकून पाय त्यांना असा बांधायचा की हलणार नाही.

त्याच अध्यायातला मला सगळ्यात आवडणारा भाग मात्र हाताचा आहे. तळहाताचं हाड जुळल्यावर रुग्णाला आधी मातीचा गोळा धरायला द्यायचा, मग मिठाचा खडा आणि जोर आला की दगड. जुळलेलं हाड म्हणजे बरा झालेला माणूस नव्हे, हे ज्याला कळलं होतं त्याला मी मनातल्या मनात आमचा पहिला फिजिओथेरपिस्ट म्हणतो.

मी १९७६ साली हाडांच्या वॉर्डात रेसिडेंट म्हणून लागलो तेव्हा आमची रीत कपाटशयनाहून फार पुढे गेलेली नव्हती. तीस खाटांच्या वॉर्डात दहा-बारा तरी मांडीवाले असायचे आणि प्रत्येकाच्या पायाला वजन. गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या वरच्या टोकातून आम्ही एक पोलादी सळई आरपार घालायचो. पेन्सिलीहून थोडी बारीक, हातानं फिरवायच्या ड्रिलनं. चामडी आणि हाडाचं आवरण सुईनं बधिर करायचं, पेशंट टक्क जागा. ही सळई स्विस डॉक्टर फ्रिट्झ स्टाइनमान यांनी १९०७ मध्ये आणलेली. तिला नालासारखी कडी अडकवायची, दोरी खाटेच्या कडेवरच्या कप्पीवरून खाली सोडायची आणि टोकाला वजन बांधायचं. पुस्तकात किलोचा हिशेब होता, वॉर्डात विटांचा. तीन विटा म्हणजे आठेक किलो. पेशंट वजनाबरोबर खाली घसरू नये म्हणून खाटेचं पायाकडचं टोकही विटांवरच उचललेलं. दवाखान्याच्या कुंपणाची भिंत माझ्या तीन वर्षांत पूर्ण झाली नाही, याचं कारण मला पक्कं ठाऊक आहे.

बारा आठवडे असेच. जॉर्ज पर्किन्स या इंग्रज सर्जनचा हिशेब आम्ही पाठ केला होता. हाताचं तिरकस मोडलेलं हाड तीन आठवड्यांत चिकटतं, पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट, पाय असेल तर आणखी दुप्पट. पर्किन्स हेही सांगून गेले होते की वजन लावलेलं असतानाच गुडघा हलवत राहा. त्यासाठी खाटेचा खालचा अर्धा भाग सुटा हवा. आमच्या खाटा एकसंध लोखंडी, त्यामुळे हिशेबाचा अर्धा भाग आम्ही पाळला आणि अर्धा सोडला. बारा आठवड्यांनी हाड जुळायचं आणि गुडघा तीस-चाळीस अंशांच्या पुढे वाकायचा नाही. वॉर्डातून मी दर आठवड्याला एकेक तात्या घरी पाठवत होतो.

त्या तीन महिन्यांत काय काय व्हायचं! पाठीला आणि टाचेला जखमा. सळईच्या भोकातून पू. सोबत्याच्या मनात दया आली की रात्री तो विटांच्या खाली गुपचूप स्टूल सरकवायचा. पेशंट निवांत झोपायचा आणि सकाळी मोजपट्टी लावली की पाय पुन्हा आखूड. आमचे वॉर्डातले मामा पहाटे पाचला फिरून ही स्टुलं गोळा करायचे. शेतकऱ्याचा एक हंगाम जायचा आणि गडी असेल तर सालाची बोलीच मोडायची. 'वजन कधी सोडणार?' याखेरीज त्या वॉर्डात दुसरा प्रश्न नव्हता.

तरी ही रीतसुद्धा एका मोठ्या विजयातून आलेली होती. तिचा मागोवा घेतला की आपण पुन्हा एका हाडवैद्याच्या दारात पोचतो. वेल्सच्या अँगलसी बेटावर अठराव्या शतकात जहाज फुटून वाहून आलेला एक मुलगा हाडं बसवण्यात तरबेज निघाला, अशी कथा आहे. त्याच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या हाडवैद्य झाले. त्यांतले इव्हान थॉमस लिव्हरपूलला आले, नावारूपाला आले आणि डॉक्टरांनी त्यांना कोर्टात खेचून हैराण केलं. तेव्हा त्यांनी पाचही मुलांना डॉक्टर करायचं ठरवलं. त्यातला थोरला ह्यू ओवेन थॉमस. ठेंगणा, डोळ्यावर ओढलेली टोपी, ओठांत सिगारेट, आणि रविवारी गरिबांना फुकट तपासणारा. घराच्या मागेच लोहार आणि चर्मकाराचं काम चाले, तिथे त्याची साधनं घडत.

गुडघ्याच्या क्षयासाठी त्यानं एक साधन केलं आणि १८७५ च्या पुस्तकात त्याचं वर्णन दिलं. एक कातडं मढवलेलं कडं मांडीच्या मुळाशी बसतं आणि बसायच्या हाडावर टेकतं. कड्याच्या दोन बाजूंनी दोन लोखंडी गज पावलाच्या पुढेपर्यंत जाऊन जुळतात. पाय त्या टोकाकडे ओढून बांधला की कडं वर रेटतं आणि दोरी खाली ओढते. सगळं यंत्र एवढंच. थॉमस विश्रांतीचा कट्टर उपासक होता. दुखरा सांधा सक्तीनं, अखंड आणि लांबलचक काळ स्थिर ठेवा, हा त्याचा मंत्र. माझ्या वॉर्डातल्या ताठ गुडघ्यांच्या वंशावळीत हा मंत्रही आहे, हे विसरून चालत नाही. त्या काळी क्षयाला औषध नव्हतं, त्यामुळे मंत्र चूकही नव्हता.

थॉमस १८९१ मध्ये गेला. त्याच्या साधनाचं सोनं केलं ते रॉबर्ट जोन्स यांनी. जोन्स थॉमसच्या बायकोचे भाचे, त्याच्याच घरी राहून शिकलेले. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला मांडीत गोळी लागून हाड फुटलेले सैनिक धडाधड मरत होते. पाठ्यपुस्तकं ऐंशी टक्के मृत्यू सांगतात आणि युद्धाच्या अखेरीस वीस टक्क्यांच्या खाली. ऐंशीचा आकडा घाईगर्दीतला आहे हे उघड आहे, पण फरक पडला आणि तो प्रचंड पडला, यावर वाद नाही. रक्त चढवण्याची सोय नावापुरती आणि प्रतिजैविकं तर नव्हतीच. मोठा बदल हा की जखमी जिथे पडला तिथेच, त्याला हलवायच्या आधी, थॉमस स्प्लिंट बांधायला सुरुवात झाली. बूटही काढायचा नाही. स्ट्रेचर उचलणाऱ्यांना अंधारात बांधता यावं म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून सराव दिला गेला.

यामागचं कारण सोपं आहे. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात दणकट. हाड मोडलं की ते आकसतात, टोकं एकमेकांवर चढतात, मांडी आखूड आणि जाड होते आणि त्या पोकळीत लिटर-दीड लिटर रक्त बाहेर एक थेंबही न सांडता साठतं. वर स्ट्रेचरच्या प्रत्येक धक्क्याला टोकं मांस कापत राहतात. पाय ओढून स्थिर केला की हे थांबतं.

म्हणजे १९१८ पर्यंत माणूस जगवता येऊ लागला होता. खाटेवरून उठवणं अजून कुणाला जमत नव्हतं. ते जमवलं जर्मनीतल्या कील बंदरातल्या गेरहार्ड क्युन्चर यांनी. त्यांचा विचार सुताराला पटण्यासारखा होता. हाड आतून पोकळ आहे, मग बाहेरून बांधण्याऐवजी आतूनच सळी का घालू नये? १९३९ च्या नोव्हेंबरात त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या मांडीत अशी सळी घातली आणि १९४० च्या मार्चमध्ये बर्लिनच्या सर्जनांच्या परिषदेत ती मांडली. अनेकांनी नाकं मुरडली. हाडाचा मगज नासवलात तर हाड जुळणार कसं, हा आक्षेप. हाडाला रक्त बाहेरच्या आवरणातूनही मिळतं आणि मगजाच्या वाहिन्या पुन्हा उगवतात, हे पटायला वर्षं गेली. सळी घडवणारा एर्न्स्ट पोल हा कारागीर होता. त्यानं पुढे तिला तिपानी आकाराचा पोकळ छेद दिला. अशी सळी आत शिरताना किंचित दबते आणि आतून हाडाला घट्ट धरते.

इतरांना ही गोष्ट कळली ती गमतीशीर रीतीनं. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेले दोस्त राष्ट्रांचे सैनिक तपासताना डॉक्टरांना फोटोत मांडीच्या आत लांबलचक धातू दिसू लागला आणि ते सैनिक तर चालत होते. १९४५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकानं यावर बातमी दिली. शत्रूची सळी म्हणून तिच्यावर संशय, पण पेशंट पायावर उभा. क्युन्चर स्वतः युद्धात काही काळ फिनलंडच्या उत्तरेला होते आणि तिथल्या डॉक्टरांना ती शिकवून आले. १९७२ मध्ये ते वारले. आम्ही तिला के-नेल म्हणायचो आणि पेशंट सरळ सळी म्हणायचे. 'सळी टाकली' हे मराठी आमच्याच वॉर्डांनी घडवलं.

माझी पहिली सळी मला स्वप्नात अजून येते. १९७८. सी-आर्म नावाचं यंत्र, ज्यात ऑपरेशन चालू असताना हाड पडद्यावर दिसतं, ते आमच्याकडे नव्हतं. म्हणून मांडी उघडायची, मोडलेली टोकं हातात घ्यायची, सळी वरच्या तुकड्यातून उलटी ठोकत कुल्ल्यातून बाहेर काढायची, मग टोकं जुळवून तीच सळी खालच्या तुकड्यात परत ठोकायची. लांबी धडधाकट पायावर मोजायची, मांडीच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यापासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या काठापर्यंत. जाडीसाठी फोटोवर अंदाज. माझा अंदाज एका मिलिमीटरनं चुकला. सळी दोन तृतीयांश गेली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मी हातोडी मारत होतो आणि भूल देणाऱ्या मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी सरांना बोलावलं. ते काही बोलले नाहीत. सळीच्या भोकात आकडा अडकवून, उलट्या हातोडीनं, पाऊण तास एकेक दोरा ती मागे काढली आणि एक नंबर बारीक आत घातली. हात धुताना एवढंच म्हणाले, "लोहाराला आधी भोक मोजता येतं, मग तो खिळा घडवतो." तो पेशंट चौदाव्या दिवशी कुबड्या घेऊन निघाला आणि तीन महिन्यांनी वॉर्डात येऊन आम्हाला खाली बसून दाखवून गेला. फरशीवर, पुरती मांडी घालून! त्या दिवशी तात्यांचं खोकं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

के-नेलचं दुखणं वेगळं होतं. हाड मधोमध आडवं मोडलं तरच ती चांगली बसे. वर-खाली मोडलं किंवा चुरा झाला तर पाय सळीभोवती फिरे नाहीतर आखडे. त्यावर १९७० च्या दशकात जर्मनीत क्लेम आणि शेलमान यांनी आणि नंतर स्ट्रासबर्गमध्ये ग्रोस आणि केम्प यांनी सळीच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू घालून ती हाडाला कुलूपबंद केली. १९८४ मध्ये सिअॅटलच्या विन्क्विस्ट आणि सहकाऱ्यांनी बंद पद्धतीनं, म्हणजे मोडलेली जागा न उघडता, सळी घातलेल्या ५२० हाडांचा लेखाजोखा छापला. ९९.१ टक्के जुळली. ते वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. आमच्याकडे सी-आर्म यायला १९९४ उजाडलं, ती रडकथा इथे नको.

त्यानंतर संशोधनाचा सूर बदलला, असं मला वाटतं. नवं यंत्र काय, यापेक्षा कधी आणि कुणाला, हे प्रश्न पुढे आले. आम्हाला शिकवलं होतं की अनेक जागी जखमी झालेला माणूस ऑपरेशनला फार नाजूक असतो, आधी आठ-दहा दिवस वजनावर ठेवा. १९८९ मध्ये डॅलसच्या बोन आणि सहकाऱ्यांनी १७८ पेशंट दोन गटांत वाटून पाहिले. एका गटाची मांडी चोवीस तासांत सळीनं स्थिर केली, दुसऱ्याची अठ्ठेचाळीस तासांनंतर. बरेच जखमी असलेल्यांत उशीर झालेल्यांची फुप्फुसं जास्त बिघडली. आमची नाजूकपणाची समजूत उलटी निघाली. खाटच त्यांना मारत होती. पुढे अतिगंभीर पेशंटला आधी बाहेरून सांगाडा लावून सावरायचं आणि मग सळी, अशी मुरडही या मताला घातली गेली आणि ती योग्यच होती. २००३ मध्ये कॅनडाच्या डॉक्टरांनी आणखी एक जुनं भांडण मिटवलं. हाडाची पोकळी आतून कोरून जाड सळी घालावी, की न कोरता बारीक? न कोरलेल्यांत ७.५ टक्के हाडं जुळली नाहीत, कोरलेल्यांत १.७. सरांचं लोहाराचं गणित असं पंचवीस वर्षांनी छापून आलं.

आता माझी तक्रार. हे सगळे शोधनिबंध गुडघा किती अंश वाकतो ते सांगतात आणि नव्वद-शंभरच्या पुढे गेला की समाधानी असतात. खुर्चीत बसणाऱ्याला नव्वद पुरतात. उकिडवं बसायला, शेतात खुरपायला, देशी संडासाला आणि पंगतीला एकशेवीस-तीसच्या पुढे लागतात. पुस्तकात 'उत्तम' लिहिलेला निकाल घेऊन माझ्याकडे माणसं नाराज होऊन यायची आणि तीच बरोबर असायची.

म्हणून लुईस झर्कल यांच्याबद्दल मला विशेष वाटतं. व्हिएतनाम युद्धात काम केलेले हे अमेरिकन सर्जन. १९९९ मध्ये त्यांनी 'साइन' नावाची संस्था काढली आणि सी-आर्म नसलेल्या दवाखान्यांसाठी भरीव सळी आणि बाहेरून स्क्रूचं भोक शोधणारा दांडा बनवला. गरीब देशांतल्या दवाखान्यांना ते फुकट देतात आणि बदल्यात प्रत्येक पेशंटचे फोटो मागतात. त्यातला एक फोटो पेशंटचा, उकिडवं बसून हसतानाचा. एक्स-रे काढायला पैसे नसले तरी हाड जुळलं की नाही हे त्यावरून बरंचसं कळतं. टांझानियातल्या पेशंटांवर ही परीक्षा तपासून शोधनिबंधही निघाले. तात्यांची मोजपट्टी अखेर छापील झाली. ते मात्र २००१ मध्ये गेले, शेवटपर्यंत खोक्यावर.

मी आता ऑपरेशन करत नाही. पण आमच्या गावावरून महामार्ग जातो आणि कारखाना सुरू झाला की ट्रॉल्या उलटतात, मोटारसायकली त्यांच्यात शिरतात. अजूनही लोक मोडलेल्या पायाच्या माणसाला काखेत आणि गुडघ्यात धरून उचलतात आणि जीपच्या मागच्या बाकावर दुमडून घालतात. कृपा करून असं करू नका. आधी १०८ ला फोन लावा. माणूस आहे तिथेच, पण वाहनांपासून सुरक्षित जागी, आडवा राहू द्या. बूट काढू नका. दोन्ही पायांच्या मध्ये घडी घातलेलं घोंगडं किंवा टॉवेल ठेवा आणि मोडलेला पाय चांगल्या पायाला चार ठिकाणी बांधा: घोट्याला, गुडघ्याच्या खाली, गुडघ्याच्या वर आणि जांघेजवळ. मोडलेल्या जागेवर गाठ नको. लांब काठी मिळाली तर काखेपासून टाचेपर्यंत बाहेरच्या बाजूनं बांधा. बोटं गार किंवा निळी पडताहेत का पाहत राहा, पडली तर बंध सैल करा. उचलताना चौघं लागा आणि एकदम उचला. बांधायला लागणाऱ्या पंच्यांची गावात कमतरता नाही.